नाक, नळी आणि वऱ्हाडची हवा

घोरणं

माणूस जोरात घोरतो म्हणजे त्याला गाढ झोप लागली आहे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. स्लीप ॲप्नियात नेमकं उलट घडतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बुजते आणि दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा आत जातच नाही किंवा फारच कमी जाते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, घुसमटल्यासारखा आवाज येतो आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. तासाला असं ५ ते १५ वेळा झालं तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा झालं तर मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तीव्र आजाराचा माणूस रात्रभर दर दोन मिनिटांनी गुदमरतो आणि सकाळी उठून सांगतो, झोप झाली पण अंग जड आहे.

मुंबईतल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडखळणारे त्यात १९.५ टक्के निघाले. श्वास अडखळण्यासोबत दिवसाही पेंग येते, म्हणजे पूर्ण आजार आहे, असे एकूण पुरुषांपैकी ७.५ टक्के. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र तपासले आणि प्रौढांमधलं प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास धरलं. म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसं. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि ते पहिल्यांदा घराघरात पोचलं.

यंत्र

यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप. आपल्याकडे त्याला सरळ 'घोरण्याचं मशीन' म्हणतात. छोटी मोटर खोलीतली हवा ओढते, दाब देऊन नळीतून मास्कमध्ये सोडते आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी पाच रुग्णांवरचा पहिला अनुभव १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि गुण बहुतेकांना पहिल्याच रात्री दिसतो.

पण तो ज्या रात्री लावलं त्या रात्रीपुरताच. अमेरिकेत विम्यासाठी 'नियमित वापर' म्हणजे रात्री किमान ४ तास, आणि तेही ३० दिवसांतल्या ७० टक्के रात्री, असं माप धरतात. टेरी वीव्हर यांच्या २००७ मधल्या अभ्यासात दिवसाची पेंग कमी व्हायला ४ तास पुरले. रोजची कामं नीट व्हायला मात्र साडेसात तासांपर्यंत जावं लागलं. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ रुग्णांवरची 'सेव्ह' ही मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सरासरी वापर होता ३.३ तास, आणि हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. अर्धी रात्र घेतलेल्या उपचाराकडून पूर्ण गुणाची अपेक्षा करता येत नाही.

म्हणून खरा प्रश्न मशीन घेतलं का हा नसून ते नाकावर किती तास टिकतं हा आहे. टिकलं नाही की कागदावर 'पेशंट सहकार्य करत नाही' असा शेरा येतो. माझं म्हणणं असं आहे की आमच्या वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याकडे, त्या न टिकण्याची कारणं पेशंटच्या स्वभावापेक्षा त्याच्या खोलीतल्या हवेत, पाण्यात आणि विजेच्या बोर्डात जास्त सापडतात.

मामांचा फिल्टर

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या माझ्या मामांना डॉक्टरांनी मशीन दिलं. सुरुवातीला फरक चांगला पडला. दुपारी पेपर वाचताना मान कलंडणं थांबलं. मग थंडी लागली आणि मशीन नुसतं पडून राहू लागलं. विचारलं तर म्हणाले, "लावलं का नाक सुकते, काढलं का तुही मामी झोपू देत नाई. सांग बापू, म्यां काय करू?"

मशीन खिडकीजवळच्या स्टुलावर होतं. मागचं झाकण उघडून फिल्टर काढला. मूळचा पांढरा तुकडा करडा झाला होता, मधोमध जवळजवळ काळा. कडेला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले. बोट फिरवलं तर पिठासारखी पूड लागली. मामी बघत होत्या. म्हणाल्या, "हे नाकात जात होतं का यायच्या?"

फिल्टरने अडवलं म्हणून एवढं तरी नाकात गेलं नाही, हे खरं. पण साधा फिल्टर भरड धूळ अडवतो. बारीक धुराचा बराच भाग आणि वायू पलीकडे जातात. तो गच्च भरला की मोटरला हवा ओढायला जोर पडतो. विकणाऱ्याने फिल्टर बदलायचा असतो हे एकदा सांगितलं होतं म्हणे. अकोल्याच्या धुळीत तो किती लवकर बदलावा लागतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

नाक बंद, म्हणजे सगळं बंद

धुळीचा आणि या उपचाराचा संबंध नाकातून जातो. १० मायक्रॉनच्या आसपासचे कण बहुतांशी नाक-घशातच अडकतात. आतलं अस्तर सुजतं, पाणी वाहतं, मग नाक चोंदतं. चोंदलेल्या नाकातून दाबाची हवा जाताना टोचते. माणूस नकळत तोंड उघडतो, हवा तोंडावाटे निसटते, घसा कोरडा पडतो आणि पहाटे तीनला मास्क उशीखाली जातो. सकाळी तो सांगतो, मशीन सोसत नाही. सोसत नसतं ते सुजलेलं नाक, आणि त्यावर इलाज आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकातला फवारा, नळीतल्या हवेला ओलावा, तोंड उघडं राहत असेल तर वेगळा मास्क. नाक धुवायला पाणी उकळून गार केलेलंच हवं, बोअरचं किंवा नळाचं थेट नको.

२.५ मायक्रॉनखालचे कण नाक ओलांडून फुप्फुसात खोल जातात. हवेच्या सरकारी कामात सारा भर मोठ्या धुळीवर असतो, बारीक कण मागे राहतात, अशी टीका तज्ज्ञ करतात आणि ती रास्त आहे. पण मास्क लावून झोपणाऱ्याला दोन्ही भोवतात. मोठे कण त्याचं नाक बंद करतात, बारीक कण आजारच वाढवत असावेत.

अभ्यास काय सांगतात

तो 'असावेत' जपून लिहिला आहे. अमेरिकेतल्या सात शहरी भागांतल्या माणसांची झोप आणि तिथली हवा यांची सांगड अँटोनेला झानोबेटी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये घातली. उन्हाळ्यात हवेतले पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण, वाढले की झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. मार्था बिलिंग्ज यांच्या गटाने २०१९ मध्ये सहा शहरांतल्या सुमारे दोन हजार लोकांचा अभ्यास मांडला. वर्षाच्या सरासरी पीएम २.५ मध्ये, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांत, घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमची वाढ असली की स्लीप ॲप्निया असण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांनी जास्त आढळली. हवा आणि आजार सोबत चालतात एवढं यातून दिसतं; एकामुळेच दुसरं होतं हे सिद्ध होत नाही. पण ज्या गावात हवा वाईट तिथल्या डॉक्टरने नाकाची चौकशी आधी करावी, एवढं ठरवायला हे पुरेसं आहे.

वऱ्हाडातलं धुळीचं वर्ष

दिल्लीची हवा बातम्यांत येते म्हणून प्रदूषण म्हणजे दिल्ली, असं वाटतं. आमचं वर्ष वेगळं असतं. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं, शेतोशेती मळणीची हडंबे लागतात आणि कुटाराची धूळ रस्त्यापर्यंत येते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळतात आणि जिनांच्या आजूबाजूच्या झाडांवर पांढरे तंतू लटकतात. थंडीत वारा पडतो, रात्री हवा जमिनीलगत बसते; त्यातच शेकोट्या आणि पेटवलेला कचरा. मग तूर येते, अकोल्याच्या दालमिलांचा हंगाम जोर धरतो. होळीनंतर शेतं मोकळी करायला धुरे पेटतात, पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात. अकोला जिल्ह्यात पारस आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथली औष्णिक वीज केंद्रं, हायवेवरचे ट्रक आणि शहरातली बांधकामं बारा महिने असतात. धूळ खऱ्या अर्थाने बसते ती मृगाच्या पावसानंतर.

मामांच्या मशीनवर रोजच्या वापराचे तास दिसतात. ते वर्षभराच्या धुळीशेजारी ठेवून पाहिले. श्रावण-भाद्रपदात वापर बरा, हिवाळ्यात कमी आणि मे महिन्यात सगळ्यात कमी. एका माणसाच्या नोंदीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण त्या एका माणसाच्या डॉक्टरला तेवढी नोंद उपयोगी पडते.

पहिला नंबर

केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. आपल्या देशाचं माप पीएम १० साठी वर्षाला सरासरी ६० आणि पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेलं माप अनुक्रमे १५ आणि ५. म्हणजे आपलं माप पाळलं तरी मजल बरीच लांब आहे.

अमरावतीने मात्र अभिमान वाटावा असं काम केलं आहे. तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांत स्वच्छ वायू सर्वेक्षणात २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये ती देशात पहिली आली. या सर्वेक्षणात गुण मुख्यतः कामाला मिळतात: रस्त्यावरची धूळ, कचरा जाळणं, बांधकामाचा राडारोडा, वाहनांचा धूर यावर शहराने काय केलं त्याला. बक्षीस खरं आहे, मेहनतही खरी आहे. त्यावरून आज रात्री शहरातल्या राजापेठेतल्या किंवा बडनेऱ्यातल्या खोलीतली हवा कशी आहे, ते कळत नाही. हाताने नमुने घेणाऱ्या सरकारी केंद्रांचा नियम आठवड्यातून दोन दिवसांचा, वर्षाला १०४ नोंदी. श्वासाच्या रुग्णाला रोजचा आकडा, तोही आपल्या भागातला आणि मराठीत, मिळायला हवा. पावसाचा अंदाज शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो, तसा हाही यावा.

हायवे

अमरावती-अकोला रस्त्याची दुर्दशा या भागातल्या प्रत्येकाने भोगली आहे. गिट्टी, खड्डे आणि पुढच्या ट्रकची धूळ. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणीपासून, एका लेनच्या हिशेबाने, ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्त्यावरच्या मूर्तिजापूर, बोरगाव मंजूच्या लोकांचा श्वास मोकळा झाला, हे मनापासून लिहितो.

त्याच रस्त्यावर, सुरतेकडून पूर्व किनाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, रात्रभर ट्रक चालतात. जाड मान, वाढलेलं पोट, रक्तदाब, आणि केबिनमध्येच झोप. हा आजार असल्याच्या बऱ्याच खुणा ड्रायव्हरांमध्ये एकत्र भेटतात, आणि चाकावर डुलकी लागली तर किंमत समोरचाही मोजतो. ढाब्याच्या बाजेवर दोन तास झोपणाऱ्या माणसाने मशीन लावायचं कुठे? रस्ता गुळगुळीत करण्याइतकीच ड्रायव्हरच्या झोपेची तपासणीही रस्ता सुरक्षेत धरली पाहिजे.

खारपाण

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. जमिनीखालचं पाणी खारट. तिथल्या घरात कूलरच्या ताट्यांवर पांढरा, खरखरीत थर चढतो, हे लहान मुलालाही माहीत असतं.

मशीनला ओलावा देणारं जे पाण्याचं भांडं असतं, त्यात हेच पाणी घातलं की तोच थर भांड्याच्या बुडाशी जमतो. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. तापणारी पट्टी नीट काम करत नाही, ओलावा कमी पडतो, खरखरीत थरात जंतूंना जागा मिळते. मग पेशंट ते भांडं लावायचंच सोडतो, आणि कोरड्या हवेने नाकाचं रक्तही येऊ लागतं. कंपन्या डिस्टिल्ड पाणी वापरा म्हणतात. तालुक्याच्या गावाला हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. पण ते श्वासासाठी केलेलं नसतं, म्हणून मेडिकलमधून मागवलेलं बरं. थर चढलाच तर पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून भांडं भिजत ठेवावं, खळखळून धुवावं. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्यावं. मशीनसोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत हे छापलेलं असतं. दर्यापूरच्या माणसाला ते मराठीत, तोंडी, दाखवून सांगावं लागतं.

मे महिन्यातली रात्र

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावलं. अशा दिवसांत स्लॅबच्या घरातली वरची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकेत मशीन ५ ते ३५ अंशांत चालवा असं लिहिलेलं असतं, आणि नळीतून येणारी हवा खोलीपेक्षाही गरम लागू शकते.

मग लोक गच्चीवर जातात. पण मशीन प्लगला बांधलेलं. मामांनी एक्स्टेन्शन बोर्ड जिन्यातून वर नेला. गच्चीवर वारा होता, धूळही होती, आणि रात्री लाइट गेली की मास्कमधली हवा थांबून माणूस दचकून उठतो. पुढची रात्र मशीनशिवाय. खाली झोपायचं तर कूलर हवा. आणि कूलरची ओलसर धार सरळ मशीनवर येत असेल तर फिल्टर दमट होतो. शेवटी मामींनीच उपाय काढला. मशीन कूलरच्या धारेबाहेर, जमिनीपासून वर ठेवलं आणि इन्व्हर्टरची एक लाइन तिथे ओढून घेतली. त्या आठवड्यात तास वाढले. मामींनी केलं तेही उपचारच होते.

फोमचा धडा

१४ जून २०२१ रोजी फिलिप्स कंपनीने जगभरातली लाखो मशीनं परत मागवली. आवाज दाबायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची भीती होती. उष्णता, दमटपणा आणि ओझोनने केलेली सफाई यांनी झीज वाढते, असं त्या वेळी सांगितलं गेलं. उष्ण जिल्ह्यांनी हे लक्षात ठेवावं. कुणाकडून वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतं म्हणून घेणारे बरेच असतात. ते मॉडेल परत मागवलेल्यांपैकी नाही ना, हे आधी पाहावं, आणि दाब आपल्या डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावा. दुसऱ्याच्या घशाचा दाब आपल्याला चालत नाही.

बाईचं घोरणं

एम्सच्या त्या आढाव्यात पुरुषांत १३ टक्के आणि बायकांत ५ टक्के असं प्रमाण आलं. पाळी गेल्यावर बायकांतलं प्रमाण वाढतं. तरी दवाखान्यात नवऱ्याचं घोरणं सांगायला बायको येते. बायकोचं सांगायला नवरा क्वचितच. बाई थकवा सांगते, डोकेदुखी सांगते, झोप लागत नाही म्हणते, आणि रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन परत जाते. अमरावती जिल्ह्यात धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला चुलीचा धूर अजून घरात आहे आणि त्याच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ तीच बसते. घरात कुणी घोरतं का, एवढं विचारून भागत नाही. 'तुम्ही घोरता का, घरच्यांनी कधी श्वास थांबलेला पाहिला का', असं बाईलाच विचारावं लागतं.

तपोवनाकडून शिकण्यासारखं

लांब चालणारा उपचार माणसाकडून कसा पुरा करून घ्यायचा, हे वऱ्हाडाला नवीन नाही. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांना औषधाबरोबर घर, काम आणि मान दिला. पुढे क्षयरोगाच्या कार्यक्रमात कुणीतरी समोर उभं राहून गोळी खाताना पाहू लागलं, रुग्णाचं कार्ड झालं, २०१८ पासून आहारासाठी खात्यात पैसे येऊ लागले. गोळी चुकली की आशाताई घरी येते. माणूस उपचार का सोडतो, हा प्रश्न तिथे व्यवस्थेने आपला मानला.

घोरण्याच्या मशीनच्या पेशंटला काय मिळतं? हजारोंचं बिल, डिलिव्हरी करणारा मुलगा आणि अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक. पहिला महिना सगळ्यात नाजूक असतो. त्यात सवय बसली तर बसली. त्या महिन्यात दर आठवड्याला एक फोन, एकदा घरी चक्कर आणि चार जुन्या पेशंटांची गाठ घालून दिली, तर पुष्कळ मशीनं नाकावर टिकतील. यासाठी नवं रुग्णालय बांधावं लागत नाही.

कागदावर हवेत असे प्रश्न

अकोल्याच्या आणि अमरावतीच्या छातीच्या डॉक्टरांना, मशीन विकणाऱ्यांना आणि घरच्यांना माझी विनंती आहे. केसपेपरवर वापराच्या तासांखाली पाच ओळी वाढवा. नाक चोंदतं का, आणि कोणत्या महिन्यात? फिल्टर शेवटचा कधी बदलला? भांड्यात पाणी कोणतं घालता? रात्री लाइट जाते का, इन्व्हर्टर आहे का? झोपण्याच्या खोलीजवळ रस्ता, जिन, दालमिल, कचऱ्याचा ढीग, चूल यांपैकी काय आहे? दिवाळीच्या आधी आणि होळीच्या आधी पेशंटला एकदा बोलवा, म्हणजे नाकाचा इलाज धुळीच्या हंगामाआधी सुरू होईल. महापालिकांनी कचरा जाळणं थांबवलं आणि रस्ते ओले करून झाडले, तर त्याचा फायदा याच घरांत सगळ्यात आधी दिसेल, आणि तो मशीनमध्ये तासांच्या हिशेबाने नोंदलाही जाईल.

पाच ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. त्या विचारून झाल्याशिवाय 'पेशंट सहकार्य करत नाही' हा शेरा कोणत्याही डॉक्टरने लिहू नये.